महाडच्या वाटेवरची परसबाग

20 मार्चला महाडला जाणारे आपले लोक बहुधा त्याच दिवशी माघारी फिरतात. चवदार तळ्यावर अभिवादन, क्रांतिस्तंभापाशी दोन घटका, स्टॉलवर एखादे पुस्तक, की लागले परतीला. मीही अनेक वर्षे तेच केले. गेल्या वर्षी मात्र दोन दिवस आधीच निघालो. मावशीचा निरोप होता, "सुनेनं काय धंदा मांडलाय, त्याचा हिशोब बघून जा." कॉमर्स शिकल्याचे हे असे असते, नात्यात कोणाचाही हिशोब अडला की बोलावणे येते.

दिव्याहून पॅसेंजरने वीर, तिथून महाड आणि महाडहून एसटीने तासभर. एसटी गावात थांबते. पुढे सगळे गाव ओलांडून, देवळाला वळसा घालून, ओढ्यापलीकडे चढण चढले की बौद्धवाडी. नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी. मावशी लग्न होऊन इथे आली तेव्हा बायका ओढ्यातला झरा उपसून पाणी भरत. गावच्या विहिरीवर हात लावायची सोय नव्हती. बाबासाहेबांनी 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, मुंबई हायकोर्टाने तळ्याचा निकाल आपल्या बाजूने 17 मार्च 1937 रोजी दिला. पण तासाभराच्या अंतरावरच्या या वाडीत दारात नळ यायला आणखी दोन पिढ्या गेल्या. म्हणून मावशीची परसबाग मला निव्वळ हौसेची वाटत नाही. जिथे प्यायला पाणी नव्हते तिथे झाडाला कोण घालणार?

आता मोरीचे सांडपाणी एका पन्हळीतून परसात सोडले आहे. आधी अळू, मग गवती चहा, आणि जिथे सदा ओल राहते तिथे आपोआप उगवलेला माका. कुंपणाला अडुळसा. अडुळसाच का, तर शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. कुंपण होते आणि औषधही. खोकल्यासाठी मावशी त्याची पाने वाफवून रस काढते आणि मधातून देते. खोकल्याच्या ज्या गोळ्या-सिरपांत ब्रोमहेक्झिन असते, ते औषध याच अडुळशातल्या द्रव्यावरून तयार झाले, हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग डाक्टर पैसं का घेतो?" एक गोष्ट मात्र भगिनींनी लक्षात ठेवावी: गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, त्याने गर्भाशयाला कळा येऊ शकतात. मावशीलाही हे ठाऊक आहे, तिला ते सुईणीने सांगितले होते.

माक्याचे तेल ती असे करते: माका ठेचून रस काढायचा, खोबरेलात मंद आचेवर कढवायचा. पाणी आटले की नाही हे पाहायला कापसाची वात त्या तेलात बुडवून पेटवते. वात तडतडली तर पाणी शिल्लक आहे. अशा तेलाला चार दिवसांत वास येतो.

परसाच्या कोपऱ्यात, भांडी घासायच्या दगडाशी, पत्र्याच्या डब्यात तुळस होती. मी पाहिली आणि चमकलो. 1956 नंतर धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या घरांनी अंगणातली वृंदावने काढून टाकली. माझ्या आजोबांनी स्वतः पहारीने काढले, ही आमच्या घरातली अभिमानाची गोष्ट. मी जरा कडकच बोललो. मावशी शांतपणे म्हणाली, "आरं, मी तिला दिवा लावत नाय, लगीन लावत नाय. सर्दीला चार पानं खुडते. देव म्हून काढली, झाड म्हून ठेवली." तरी वाडीतल्या दोघा-तिघांनी विहाराच्या बैठकीत हा विषय काढला होता म्हणे. त्यांचे चुकले असेही मी म्हणणार नाही. ज्यांनी वृंदावने काढली त्यांना त्यासाठी गावाचा रोष सोसावा लागला होता. पण मला मावशीचे पटले. बावीस प्रतिज्ञांनी पूजा नाकारली आहे, पाला नाही.

रात्री मुलांना जीवकाची गोष्ट सांगितली. उकिरड्यावर टाकून दिलेले ते पोर, राजपुत्र अभयाने उचलून वाढवले. तक्षशिलेला सात वर्षे वैद्यक शिकला. गुरूने कुदळ देऊन सांगितले, एका योजनाच्या परिसरात औषधी नाही असे एक तरी झाड घेऊन ये. जीवक रिकाम्या हाताने परतला, आणि तीच त्याची परीक्षा. पुढे तो भगवान बुद्धांचा वैद्य झाला. बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात जीवकाला जागा दिली आहे. धाकट्याने लगेच विचारले, "मग गाजरगवत?" मला उत्तर देता आले नाही.

आता हिशोबाचे. सूनबाईचा धंदा मुठेलाचा, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचा. उन्हाळ्यात सालींची आमसुले होतात आणि बिया वाळवून ठेवतात. सवडीने बिया फोडायच्या, आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि वर तरंगणारे तेल पळीने काढून घ्यायचे. निवले की ते थिजते. मुठीत दाबून गोळे वळायचे. पायाच्या भेगांना याच्यासारखे दुसरे काही नाही. भातावरही घेतात.

आठ किलो बियांचे दीड किलो मुठेल झाले होते. सासू-सून चार दुपारी राबल्या, म्हणजे आठ अर्धे दिवस. व्यापारी किलोला तीनशे देत होता: साडेचारशे रुपये. म्हणजे एका बाईच्या अर्ध्या दिवसाला छप्पन्न. तोच माल व्यापारी आपली चिठ्ठी लावून शहरात विकतो. मी म्हटले, पंचवीस ग्रॅमच्या साठ वड्या करा, तीस रुपयाला एक. अठराशे होतात. कागद-डबीचे एकशेवीस वजा जाता सोळाशे ऐंशी, अर्ध्या दिवसाला दोनशे दहा.

सूनबाई गप्प राहिली. मग म्हणाली, "भाऊजी, चिठ्ठीवर नाव कुणाचं घालू?" मला आधी प्रश्नच कळला नाही. आठवडा बाजारात ती बसली की काही बायका माल हातात घेतात, "कुठल्या वाडीतली गं?" विचारतात आणि ठेवून देतात. व्यापाऱ्याच्या चिठ्ठीखाली हाच गोळा त्या बिनबोभाट घेत असतील. नुसते गावाचे नाव घातले तर खपेल, आडनाव घातले तर कदाचित नाही. हा आकडा कोणत्याही खतावणीत मांडता येत नाही.

शेवटी तिनेच ठरवले. वहीच्या कागदावर तिने स्वतःचे नाव, आडनाव, बौद्धवाडी आणि गाव लिहिले. रोग बरा होतो असे काही लिहू नको, एवढे मी बजावले. औषध म्हणून विकायला परवाना लागतो, आणि खाण्यासाठी विकायचे तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी. तो अर्ज मी भरून दिला.

20 तारखेला महाडला पुस्तकांच्या स्टॉलशेजारी तिने चादर पसरली. मार्चच्या उन्हात अकराच्या सुमारास वड्या डब्यांतच विरघळू लागल्या! हे माझ्या हिशोबात नव्हते. धावपळ करून ओले गोणपाट आणले आणि सगळा माल झाडाखाली हलवला. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस वड्या गेल्या, बहुतेक मुंबई-पुण्याच्या आपल्याच लोकांनी घेतल्या. महाडातल्याच वाटणाऱ्या एका बाईंनी चिठ्ठी सावकाश वाचली, सूनबाईकडे पाहिले, आणि दोन घेतल्या. दुसऱ्या एकीने वाचून ठेवून दिली.

मावशीने पैसे दोनदा मोजले आणि उरलेल्या एकोणीस वड्या कोणत्या बाजारी न्यायच्या यावर दोघींची बोलाचाली सुरू झाली. मी गवती चह्याचा एक ठोंब ओल्या फडक्यात गुंडाळून वीरला गाडी धरली.