हिमस्तूपांच्या देशांत

हिमालयाचें नांव निघालें कीं संस्कृत शिकलेल्या माणसाच्या मनांत प्रथम कालिदास उभा राहतो. कुमारसंभवाचा आरंभच मुळीं त्या पर्वतराजाच्या वर्णनानें झाला आहे, आणि तें वर्णन आम्हीं पुष्कळ वर्षें मुलांस शिकविलें. परंतु हिम ही केवळ शोभेची वस्तु नसून शेतकऱ्याचें पाण्याचें कोठार आहे, ही गोष्ट लडाखांत गेल्यावर जशी पटते तशी ग्रंथांतून पटत नाहीं. अलीकडे आमच्या इकडील पुष्कळ मंडळी उन्हाळ्यांत लडाखास जातात, सरोवरांचीं चित्रें घेऊन येतात, आणि थंडीच्या गोष्टी सांगतात. आम्हांस जें विशेष वाटलें तें निराळें असल्यामुळें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

विमानानें लेहास उतरल्यावर पहिले दोन दिवस कांहींहि न करितां पडून राहावें, असा तिकडील शिरस्ता आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ११,५०० फूट उंच आहे. हवा इतकी विरळ कीं चार पायऱ्या चढतांच छाती भात्यासारखी चालूं लागते. आम्हीं उभयतांनीं हा नियम कसोशीनें पाळला, आणि वयस्क वाचकांनींहि तो पाळावा अशी आमची आग्रहाची सूचना आहे. तिसऱ्या दिवशीं बाहेर पडलों. चोहोंकडे उघडे बोडके डोंगर, कोठें तांबूस, कोठें राखी. गवताची काडी दिसेल तर शपथ. आणि मग एखाद्या वळणावर अचानक हिरवें गांव लागतें: सफेद्याचीं व वाळुंजाचीं झाडें, जवाचे तुकडे, जर्दाळूच्या बागा. ही हिरवळ जेथें कालव्याचें पाणी संपतें तेथेंच, जणूं सुरीनें कापल्यासारखी, संपते.

याचें कारण उघड आहे. लेह येथें वर्षभरांत सुमारें १०० मिलिमीटर, म्हणजे चार इंचच पाऊस पडतो. आमच्या कोंकणांत आषाढांत एका दिवसांतहि याहून अधिक पडून जातो. तेव्हां तेथील शेतीचा सारा भार डोंगरमाथ्यावरील बर्फाच्या वितळण्यावर आहे. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत झाली तरच जंव थंडीपूर्वीं हातीं लागतात. पण उंचावरील मोठ्या हिमनद्या मनाजोग्या वितळूं लागतात त्या जूनच्या मध्यावर. मधल्या दोन महिन्यांची ही तूट पूर्वीं खालच्या उतारांवरील हिंवाळी बर्फ भरून काढी. आतां पृथ्वीचें तापमान वाढत चालल्यामुळें लहान हिमनद्या मागें हटल्या आहेत आणि हिंवाळी बर्फाचाहि भरंवसा राहिलेला नाहीं. उलट, जेथें पावसाची संवय नाहीं तेथें २०१० च्या ऑगस्टांत लेहवर ढगफुटी होऊन दोनशेंहून अधिक माणसें दगावलीं. कोरड आणि पूर हीं दोन्हीं संकटें एकाच घरीं पाहुणीं यावीं, असा हा प्रकार आहे.

या संकटावर लडाखी माणसानें जो तोड काढला, तोच या लेखाचा खरा विषय होय. श्री. चेवांग नोर्फेल हे सरकारी खात्यांतील स्थापत्य-अभियंते. हिंवाळ्यांत नळ गोठून फुटूं नये म्हणून लोक तो वाहता ठेवितात. असें वाहून गेलेलें पाणी झाडांच्या सावलींत गोठून राहतें, हें त्यांनीं एकदां पाहिलें. सर्वांनींच तें पाहिलें होतें. विचार यांनीं केला. हिंवाळ्यांत ओढ्याचें पाणी फुकट वाहून जातें, तें सावलीच्या दरींत वळवून, दगडी बांध घालून, थरावर थर गोठवावें, म्हणजे वसंतांत तेंच पाणी शेतास मिळेल! १९८७ सालीं फुकत्से गांवीं त्यांनीं अशी पहिली कृत्रिम हिमनदी तयार केली. पुढें आणखी कित्येक गांवीं हें काम झालें, आणि २०१५ सालीं त्यांस ‘पद्मश्री’ मिळाली.

परंतु अशा दऱ्या उंचावर व गांवापासून दूर असत. दुसरे लडाखी अभियंते, श्री. सोनम वांगचुक, यांस एका पुलाखालीं मे महिन्यांतहि बर्फ टिकून राहिलेला दिसला, आणि त्यांच्या ध्यानीं आलें कीं बर्फाचा वैरी उष्ण हवेपेक्षां ऊन हा अधिक आहे. सावली नसेल तर बर्फाचा आकारच असा करावा कीं ऊन लागण्यास पृष्ठभाग थोडा राहील. असा आकार शंकूचा. ओढ्याचें पाणी उंचावरून जमिनींत पुरलेल्या नळानें खालीं आणावयाचें व शेवटीं नळ उभा करावयाचा. पाणी आपली पातळी गांठूं पाहतें, म्हणून पंपावांचूनच तें कारंज्यासारखें उसळतें, आणि शून्याखालीं वीस अंश थंड असलेल्या रात्रींच्या हवेंत पडतां पडतां गोठतें. महिन्या-दोन महिन्यांत बर्फाचा डोंगर उभा राहतो. आकार बौद्ध चैत्यासारखा, म्हणून नांव ‘हिमस्तूप’. संस्कृतांत स्तूप म्हणजे रास, आणि शब्द ऋग्वेदाइतका जुना. तेव्हां पाण्याच्या राशीस हें नांव सर्वथा शोभतें.

१३-१४ च्या हिंवाळ्यांत वीस फुटांचा नमुना झाला. पुढच्या हिंवाळ्यांत फ्यांग येथील मठाच्या आश्रयानें सुमारें पासष्ट फूट उंचीचा स्तूप उभा राहिला; तो २०१५ च्या जुलैच्या आरंभापर्यंत टिकला, आणि गांवकऱ्यांनीं उजाड माळावर लावलेल्या पांच हजार रोपांस त्यानें सुमारें पंधरा लाख लिटर पाणी दिलें.

आम्ही एका आडबाजूच्या खोऱ्यांतील लहानशा गांवीं गेलों तेव्हां मे महिना निम्मा सरला होता. स्तूप निम्म्याहून अधिक वितळला होता. पायथ्याशीं मातकट दिसणारा, वरती कोठें कोठें निळसर झांक असलेला तो ढिगारा पाहून कोणी कवि मोहून जाईल असें नव्हे. पण त्याच्या बुडाशीं पाण्याचा झुळझुळ आवाज होता, आणि तें पाणी शेताकडे चाललें होतें.

ज्यांच्या घरीं उतरलों ते गृहस्थ पंचाहत्तरीचे. तिकडे आजोबांस ‘मेमे’ म्हणतात व आदरार्थ शेवटीं ‘ले’ जोडतात. आपल्या ‘जी’ सारखेंच हें. जंवाच्या पिठाचा घांस आणि लोणी-मिठाचा चहा पुढें आला. नातू हिंदींत अर्थ सांगत होता.

“मेमेले, पूर्वींची स्थिति कशी होती?” आम्हीं विचारलें.

“पूर्वीं बर्फाकडे पाहून पेरणीचा दिवस ठरवीत असूं,” ते म्हणाले. “आतां बर्फ कोठपर्यंत असे, हें या पोराला बोटानें दाखवावें लागतें.”

त्यांचा मुलगा लेहास मोटार चालवितो. ज्या वर्षीं वसंतांत पाणी आलें नाहीं, त्या वर्षीं वरचें शेत पडीक राहिलें आणि मुलगा गेला तो गेलाच. पाणी आटलें म्हणजे केवळ पीक जात नाहीं, घर फुटतें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस या वाक्याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

आम्हीं स्तूपाची स्तुति केली तेव्हां मेमेले हंसले. म्हणाले, “नळ तर कोणीहि आणील. रात्रीं गोठलेला नळ मोकळा करावयास कोण जातो, तें विचारा.” मग त्यांनीं ‘छुरपोना’ची माहिती सांगितली. छुरपोन म्हणजे गांवानें नेमलेला पाण्याचा कारभारी. कोणत्या शेतास केव्हां व किती वेळ पाणी, हें तो ठरवितो. त्याचा शब्द श्रीमंतासहि मानावा लागतो. तसाच ‘फासपुन’: एका कुलदेवतेच्या घरांचा गट, जन्म, लग्न, मृत्यु या प्रसंगीं त्यांनीं एकमेकांचें काम अंगावर घ्यावयाचें. ही संवय शिल्लक आहे म्हणूनच कडाक्याच्या थंडींत मध्यरात्रीं नळाशीं जावयास माणसें निघतात. नवी युक्ति जुन्या शिस्तीच्या खांद्यावर उभी आहे.

आम्हांस त्या वेळीं आपल्या खानदेशाची आठवण झाली. धुळें जिल्ह्यांत पांझरेवर कित्येक शतकांची फड पद्धति आहे; तेथेंहि बंधाऱ्याचें पाणी पाटकरी पाळीनें देतो. दोन प्रांतांत हजार मैलांचें अंतर, भाषा निराळी, धर्म निराळा. पण जेथें पाणी थोडें तेथें माणसास न्याय शिकावाच लागतो.

लडाख जगापासून तुटलेला प्रदेश आहे असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. यारकंदाकडील व्यापारी तांडे शतकानुशतकें लेहच्या बाजारांत उतरत. १८८५ सालीं मोरेव्हियन पंथाचे युरोपीय पाद्री तेथें येऊन राहिले. त्यांच्यापैकीं फ्रांके यांनीं १९०४ सालीं तिकडील भाषेंत वृत्तपत्र काढिलें. १९७४ सालीं प्रवाशांस प्रदेश खुला झाला. फ्यांगच्या नळासाठीं देशोदेशींच्या लोकांनीं थोडी थोडी वर्गणी दिली, तीहि याच परंपरेंतील गोष्ट.

पण आम्हांस सर्वांत अधिक आनंद झाला तो उलट दिशेच्या प्रवासाचा. स्वित्झर्लंडांत एंगाडीन खोऱ्यांत पोंत्रेझिना नांवाचें गांव आहे. तेथून जवळच मोर्तेराच हिमनदी आहे; एकोणिसाव्या शतकापासून ती दीड मैलाहून अधिक मागें गेली असून, कोणत्या सालीं ती कोठवर होती हें दाखविणाऱ्या पाट्या वाटेवर लाविल्या आहेत. मेमेले बोटानें दाखवितात तें तेथें पाट्या दाखवितात, एवढाच फरक. त्या गांवानें २०१६ सालीं लडाखी मंडळीस बोलाविलें, आणि दोन्हीं देशांच्या लोकांनीं मिळून आल्प्सच्या कुशींत हिमस्तूप उभारण्यास आरंभ केला. पाश्चात्यांनीं शिकवावें व आपण शिकावें, ही रीत आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. येथें युरोपांतील संपन्न गांव लडाखी शेतकऱ्यांच्या पोरांकडून हिंवाळ्यांत पाणी कसें गोठवावें हें शिकत होतें, आणि बुद्धाच्या स्मारकाचा आकार ख्रिस्ती खोऱ्यांत आदरानें उभा राहत होता. राजदूतांच्या भेटींपेक्षां अशा देवघेवीनें राष्ट्रें अधिक जवळ येतात, असें आमचें मत आहे.

तथापि हिमस्तूप हा रोगावरील उतारा नव्हे. फार तर पथ्य म्हणावें. वरच्या गांवानें हिंवाळ्यांत पाणी अडविलें कीं खालच्या गांवास आपल्या वांट्याची काळजी वाटते, आणि ती निराधार नसते. शिवाय स्तूपास पाणी पाहिजे तें वरूनच. वरचें बर्फच संपलें तर गोठवावयाचें काय? तें बर्फ वितळतें तें लडाखी चुलींच्या धुरानें नव्हे. जगभर जळणारा कोळसा व तेल त्यास कारण आहे, आणि त्यांत आपल्या विजेच्या दिव्यांचा व आम्हांस लेहपर्यंत पोंचविणाऱ्या विमानाचाहि वांटा आहे.

म्हणून तिकडे जाणाऱ्या मंडळीस दोन शब्द सांगतों. लेहमधील पाहुण्यांच्या सोयीसाठीं जमिनींतील पाणी यंत्रांनीं उपसलें जातें. तेथें आपण अर्ध्या बादलींत स्नान आटोपावें. प्यावयाचें पाणी घरून नेलेल्या भांड्यांत भरून घ्यावें. शक्य तर एखादी रात्र गांवांतील घरीं राहावें, म्हणजे पैसा गांवांत राहील आणि कदाचित् एखादा मुलगाहि. घरीं परतल्यावर मुलांस सरोवरांचीं चित्रें दाखवालच. त्याबरोबर छुरपोनाची गोष्टहि सांगा, आणि आपल्या वाड्याच्या, आळीच्या, गांवाच्या पाण्याचा छुरपोन कोण, हा प्रश्न त्यांस विचारा.