गंजाआडचा लार्सन

हा धड खांब नाही, धड पत्राही नाही. इंग्रजी यू अक्षरासारखा वळवलेला पोलादाचा लांबलचक शीट पाइल. शेजाऱ्याच्या कडीत आपली कडी अडकवून तो जमिनीत उतरतो, आणि अशी रांग झाली की तिची भिंत होते. पुढे पाणी, मागे मातीचा रेटा. वर दिसतो तेवढाच आपल्या ओळखीचा. बाकीचं अंग आयुष्यभर गाडलेलं.

त्याचं मूळ घर जर्मनीतलं ब्रेमेन. तिथले सरकारी अभियंता ट्रिग्वे लार्सन यांनी तो घडवला आणि 1902 मध्ये होहेन्टोर्सहाफेन या बंदरात त्याची भिंत उभी राहिली. सुरुवातीला त्याची कडी रिव्हेट मारून जोडलेली असे. 1914 मध्ये ती त्याच्या अंगातच लाटून येऊ लागली. म्हणून एखाद्या जुन्या धक्क्यात कडीशेजारी रिव्हेटांची ओळ दिसली, की समोरचा गृहस्थ फार जुन्या पिढीतला आहे एवढं लगेच कळतं.

बाकी ओळख सोपी नाही. नकाशे हरवलेले असतात, कारखाने बंद पडलेले किंवा विकले गेलेले, आणि त्याचा आकार आजच्या कोणत्याच तक्त्यात सापडत नाही. जाडी विचारावी तर गंजाने खाल्लेली. ओहोटीच्या रेषेच्या जरा खाली नारिंगी थर दिसला तर तो खरवडून पाहावा. खाली काळा चिखल आणि त्याखाली चकचकीत, खड्डे पडलेलं पोलाद निघालं, तर तिथे जिवाणू बसलेत असं समजावं. ते फार झपाट्याने खातात.

पण रुंदी झिजत नाही. एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंतचं अंतर हे त्याचं खरं आडनाव. कड्यांमध्ये थोडी ढील असते, म्हणून एकच पाइल मोजू नये. दहा मोजून भागाकार करावा. 400 मिलिमीटर आले तर जुना लार्सन असण्याचा संभव मोठा. 500 आणि 600 ही त्याची पुढची भावंडं. 483 आले तर ते 19 इंच, म्हणजे इंग्लंडचा फ्रॉडिंगहॅम आठवावा. 457 आले तर 18 इंच, आणि अमेरिकेचा पीझेड-27. त्याच्या नावातले 27 म्हणजे दर चौरस फुटाचं पौंडातलं वजन.

हे शेवटचे दोघे झेड आकाराचे. त्यांची कडी भिंतीच्या बाहेरच्या कडेला, लार्सनची बरोबर मधोमध. फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण मला सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. भिंत वाकते तेव्हा शेजारी एकमेकांवरून सरकण्याची ओढ मधोमध सर्वांत जास्त असते. लार्सनची जोडी तिथे सरकली की दोघांची मिळून असलेली ताकद बरीच घटते. झेडला ती चिंता नाही. चुकीच्या नावाने गणित मांडलं तर धडधाकट भिंत आपण पाडू, किंवा थकलेल्या भिंतीवर क्रेन उभी करू.

म्हणून धक्क्याचं काम करणाऱ्यांना एक विनंती. जुना पाइल उपटलात तर सगळा भंगारात घालू नका. दोन्ही कड्यांसकट हातभर तुकडा कापून ठेवा, आणि त्यावर जागा अन् साल रंगाने लिहा.