ज्याला पुन्हा हात लागणार नाही

क्ष-किरण आरशावर समोरून पडले तर परतत नाहीत. ते आरशाच्या आत शिरतात आणि तिथेच शोषले जातात. मात्र अगदी निसटता स्पर्श झाला, तर ते वळतात. चपटा दगड तिरका फेकला की पाण्यावर टप्पे घेत जातो, तसेच हे. म्हणून क्ष-किरणांच्या दुर्बिणीचे आरसे थाळीसारखे नसतात. एकात एक बसविलेल्या नळकांड्यांसारखे असतात. पृथ्वीचे वातावरण हे किरण खाली येऊ देत नाही, त्यामुळे अशी दुर्बीण अंतराळातच न्यावी लागते.

1976 मध्ये रिकार्डो जियाकोनी आणि हार्वे टॅननबाम यांनी अशा एका मोठ्या दुर्बिणीचा प्रस्ताव नासापुढे ठेवला. ती आकाशात जायला 23 वर्षे लागली. दरम्यान 1990 मध्ये हबल दुर्बिणीच्या आरशात दोष निघाला. चूक केसाच्या जाडीच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी, पण चित्रे धूसर झाली. हबल पृथ्वीजवळ होती; 1993 मध्ये अंतराळवीरांनी तिथे जाऊन दुरुस्ती केली.

या नव्या दुर्बिणीच्या वाट्याला ती सोय येणार नव्हती. 1992 मध्ये खर्च आवरण्यासाठी बारा आरशांचे आठ करण्यात आले आणि कक्षा इतकी दूर नेली की तिथे कोणी माणूस पोहोचू शकणार नाही. गमावले ते उघड होते. मिळाले तेही मोलाचे होते. दूरच्या कक्षेत पृथ्वी वारंवार आड येत नाही, त्यामुळे एकाच ताऱ्याकडे तासन्‌तास पाहता येते. मात्र दुरुस्तीची आशा संपली की आधीची काळजी वाढवावी लागते. आरसे मोजक्या अणूंच्या उंचीइतकेच खडबडीत राहतील, असे घासले गेले. त्यांवर इरिडियमचा लेप चढला. मग अलाबामातील हंट्सव्हिल येथे निर्वात नळीच्या एका टोकाला क्ष-किरणांचा उगम आणि अर्ध्या किलोमीटरवर आरसे ठेवून त्यांची कसून परीक्षा झाली.

23 जुलै 1999 रोजी आयलीन कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखालील कोलंबिया यानाने ही दुर्बीण वर नेली. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या स्मरणार्थ तिचे नाव ‘चंद्रा’ ठेवले होते. ऑगस्टमध्ये तिने कॅसिओपिया-ए या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषाच्या मध्यभागी एक बारीक ठिपका दाखविला. तो पूर्वी कोणालाच दिसला नव्हता.

तरीही एक गोष्ट नजरेतून सुटलीच होती. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्गी पट्ट्यांतून जाताना तेथील कण आरशांवरून घसरून कॅमेऱ्यावर पडू लागले आणि काही आठवड्यांतच त्याला इजा झाली. तिथे जाऊन ती भरून काढणे शक्य नव्हते. शास्त्रज्ञांनी रीत बदलली: पट्टे ओलांडताना कॅमेरा आरशांच्या समोरून बाजूला सरकवून ठेवायचा. झालेली इजा राहिली, वाढायची थांबली. पाच वर्षांसाठी योजलेली दुर्बीण पाव शतक उलटूनही पाहत राहिली, त्यामागे आरशांच्या घडणीइतकाच या साध्या सावधगिरीचाही वाटा आहे.