घोडं कुठं पेंड खातंय

सातारच्या घराचा माळा आवरताना एक वही हाती लागली. दोनशे पानी, कोपरे दुमडलेली. पुढून कॉलेजच्या नोट्स, आणि मागून उलटी सुरू केलेली पस्तीसेक पानं एकाच विषयाची: लिनक्सवर मोडेम का चालत नाही. तारीख जुलै २००२. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला नुकती गेले होते. पेन्सिलीनं उतरवून घेतलेल्या चुकांच्या ओळी, त्यांच्या बाजूला बाण, बाणाच्या टोकाला प्रश्नचिन्ह. वही घेऊन माळ्यावरच बसले आणि आवराआवर तिथंच थांबली.

मागच्याच महिन्यात भाच्याच्या लॅपटॉपवर उबुंटू हे लिनक्स घातलं. पेनड्राइव्ह लावला, वीस-पंचवीस मिनिटांत काम झालं. वायफायची नावं समोर आली, त्यानं घरचं नाव निवडलं, पासवर्ड टाकला आणि नेट सुरू. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. माझ्या मात्र त्या क्षणी काळजात हललं, कारण याच एका क्षणासाठी मी २००२ साली तीन आठवडे घातले होते.

आमचा कॉम्प्युटर असेंबल केलेला. आत मोडेमचं कार्ड, त्यावर लूसंटची चिप. विंडोज ९८ वर ते सुरळीत चालायचं. मैत्रिणीच्या भावाकडून रेड हॅट लिनक्स ७.३ च्या तीन सीड्या मिळाल्या आणि मी अर्धी हार्ड डिस्क लिनक्सला दिली. पडदा दिसला, आवाज आला, माउस चालला. मोडेम तेवढा मुका.

कारण समजायलाच आठवडा गेला. खऱ्या मोडेममध्ये आकड्यांचा आवाज आणि आवाजाचे आकडे करणारी चिप आत असते. कॉम्प्युटरनं फक्त हुकूम द्यायचा, राबायचं मोडेमनं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपन्यांनी खर्च वाचवायला ते राबणंच कार्डातून काढलं आणि कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर टाकलं. बरीच कार्डं उरली ती फोनच्या तारेला जोडणारा नुसता दुवा म्हणून. खरा मोडेम म्हणजे विंडोजमध्ये चालणारा एक प्रोग्रॅम. म्हणून या कार्डांना विनमोडेम म्हणायचे. बाहेर ठेवायचा, सिरियल पोर्टला लावायचा मोडेम कितीतरी महाग, त्यामुळे घरोघरी विनमोडेमच. ज्यानं लिनक्स घातलं त्याच्या पाचवीला ही कटकट पुजलेली.

लूसंटच्या चिपसाठी एक वाट होती, लिनक्सवर चालणारा एक ड्रायव्हर. त्यातली मोडेमचं मुख्य काम करणारी फाइल आधीच कंपाइल केलेल्या रूपात मिळायची. ती उघडून वाचता यायची नाही, आत काय चाललंय याची ती ताकास तूर लागू द्यायची नाही. तिच्याभोवतीचा कोड मात्र खुला होता, आणि जगभरातले लोक फुकट, आपापल्या रात्री खर्चून तो दुरुस्त करत होते. त्या लोकांबद्दल मला आजही मनापासून कृतज्ञता वाटते. सातारच्या एका मुलीचा मोडेम चालावा म्हणून ते जागत नव्हते, पण चालला तो त्यांच्यामुळे.

आता अडचण बघा. ड्रायव्हर आणायला नेट हवं आणि नेट लागायला ड्रायव्हर हवा. मग विंडोज सुरू करायचं, फोन लावायचा, फाइल उतरवायची, विंडोजच्या भागात ठेवायची. मशीन बंद, पुन्हा चालू, आता लिनक्स. विंडोजचा भाग जोडून घ्यायचा, फाइल इकडं आणायची, सोडवायची, कंपाइल करायची. चूक आली की ती वहीत अक्षर न् अक्षर उतरवायची, कारण ती शोधायला परत विंडोजमध्ये जायचं. एक फेरी पंधरा मिनिटांची. घरातला फोन कुणाला हवा असला तर फ्लॉपी खिशात घालून पोवई नाक्यावरच्या सायबर कॅफेत. ड्रायव्हर फ्लॉपीत मावायचा, हे नशीब. परत आल्यावर फ्लॉपी वाचली गेली नाही, असंही दोनदा झालेलं वहीत नोंदवलंय.

वहीतलं एक पान मी भाच्याला दाखवलं. ड्रायव्हर कंपाइल झाला होता, पण लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याला आत घेईना. तक्रार अशी, की हा ड्रायव्हर २.४.१८-३कस्टम या कर्नलसाठी बनवलाय आणि चालू कर्नल आहे २.४.१८-३. पहिल्या दिवशी मी ही ओळ वाचली आणि सगळं नव्यानं घातलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या रात्री दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, तेव्हा शेवटचा शब्द नजरेत भरला. हा 'कस्टम' आला कुठून? रेड हॅटनं कर्नलचा जो सोर्स सीडीवर दिला होता, त्याच्या मेकफाइलमध्ये वरच्या चार ओळींत आवृत्तीचे आकडे होते आणि चौथ्या ओळीत '-३कस्टम' असं लिहिलेलं होतं. स्वतःचा कर्नल बनवणाऱ्यांचा गोंधळ होऊ नये म्हणून केलेली ती सोय. मी तो एक शब्द खोडला, फाइल जतन केली, पुन्हा कंपाइल केलं. आधी एलटी-मोडेम, मग एलटी-सिरियल, या क्रमानं दोन्ही तुकडे आत घातले. बंद फाइलमुळे कर्नल 'डागाळला' असा इशारा आला आणि त्याखाली पुढची ओळ रिकामी. लिनक्समध्ये काम फत्ते झालं की यंत्र काही बोलत नाही, पुढच्या हुकमाची वाट बघतं. पहाटेचे दोन वाजले होते. वहीत तिथं फक्त 'कस्टम!!!' असं लिहिलंय, तीन उद्गारचिन्हांसकट.

पण हा झाला एक दरवाजा. मोडेम जागा झाला, फोन लावायला गेला आणि म्हणाला, डायल टोन नाही. रिसीव्हर कानाला लावला तर टोन खणखणीत. झालं होतं असं, की आपल्याकडच्या एक्स्चेंजच्या टोनचा सूर अमेरिकेतल्या टोनपेक्षा वेगळा, आणि मोडेम त्याच्या ओळखीच्या सुराची वाट बघत बसलेला. त्याला एक्स-३ असा हुकूम दिला की तो टोनसाठी थांबत नाही, सरळ नंबर फिरवतो. हे मला कळलं ते आमच्याच आळीतल्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या काकांकडून. ते म्हणाले, "अगं, त्याला ऐकू येतंय, पण ओळखू येत नाहीये." बिघाडाचं इतकं नेमकं वर्णन मी पुढं नोकरीतही फार थोड्यांकडून ऐकलं.

मग तो आवाज. आधी टोन, मग नंबर, मग पलीकडच्या मोडेमची शिट्टी, मग दोघांची घासाघीस आणि शेवटी फसफसाट. हळूहळू कान असा तयार झाला, की कुठल्या सुरानंतर शांतता झाली यावरून काय बिनसलं ते कळायचं. पावसाळ्यात आमच्या लाइनीत पाणी शिरायचं, खरखर वाढायची, आणि घासाघीस लांबत जायची. कागदावर वेग ५६ केबीपीएस, पदरात पडायचा ४० ते ४५. लागलं एकदाचं म्हणावं, तर आतल्या खोलीतून आई पॅरलल फोन उचलायची आणि 'नो कॅरिअर'. "झालं का गं तुझं? मावशीला फोन करायचाय." तिचंही बरोबर होतं. घरात फोन एकच, बिल बाबांच्या नावावर, आणि नेट चालू असेपर्यंत आजारी आजीची खुशाली कळायची सोय बंद. म्हणून मी रात्रीचे तास धरले. रात्री दरही कमी पडायचा.

जोडणी होऊनही पान उघडेना, तेव्हा मात्र मी हात टेकले होते. इंटरनेटच्या पाकिटावरचा पासवर्ड खरवडून टाइप केलेला, पलीकडून पत्ता मिळालेला, बाण हिरवे, ब्राउझर कोरा. मग आकड्यांचा पत्ता देऊन पिंग केलं तर उत्तर आलं. नावानं केलं तर नाही. म्हणजे रस्ता होता, गावाची पाटी नव्हती. नावाचा आकडा करून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता एका दोन ओळींच्या फाइलमध्ये लिहायचा राहिला होता. लिहिला, आणि पान वरून खाली, एकेक ओळ करत उमटायला लागलं. वहीतलं हे पानही मी भाच्याला दाखवलं.

हे सगळं सांगताना मला एक गोष्ट लपवायची नाही. ते दिवस सोपे नव्हते, आणि अवघड होते म्हणून चांगले होते असं मी म्हणणार नाही. माझ्याबरोबर लिनक्स घातलेल्या चौघींपैकी दोघींनी या मोडेमपायीच ते काढून टाकलं. त्या माझ्यापेक्षा हुशार होत्या. त्यांच्या घरी रात्री फोन अडवू देत नसत, एवढंच. आज ड्रायव्हर कर्नलबरोबरच येतात, नव्या मुलीला पहिल्या संध्याकाळी खरं काम सुरू करता येतं, हे फार मोठं पाऊल आहे.

हरवलंय ते वेगळं. गेल्या पंधरवड्यात भाच्याचा फोन आला, "मावशी, नेट गेलं." विचारलं, काय म्हणतंय? "काही नाही, 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' म्हणतंय." त्यानं राउटर तीनदा बंद-चालू केला होता, ब्राउझर काढून पुन्हा घातला होता, कस्टमर केअरच्या रांगेत अर्धा तास थांबला होता. तिकडून चोवीस तासांचं आश्वासन. मी म्हटलं, टर्मिनल उघड. घोडं कुठं पेंड खातंय ते आधी बघू. कार्ड दिसतंय का? दिसतंय. पत्ता मिळालाय? मिळालाय. राउटरला पिंग? येतंय. बाहेरच्या एखाद्या आकड्याला? येतंय. नावाला? नाही. पुढं काय करायचं ते मी सांगायच्या आधीच वहीतलं ते पान त्याला आठवलं. "मावशी, पाटी नाही." सर्व्हरचा पत्ता बदलला आणि पाच मिनिटांत काम झालं.

इतक्या वर्षांत तारेची काच झाली, वेग हजारो पटींनी वाढला, पण जिने तेच आहेत, पायऱ्या त्याच क्रमानं. फरक इतकाच, की तेव्हाचं यंत्र पायरीपायरीवर बोलायचं: टोन नाही, लाइन बिझी, पासवर्ड चुकला. आजचं यंत्र सगळ्याला एकच गुळगुळीत वाक्य म्हणतं. वापरणाऱ्याला घाबरवू नये हा हेतू मला समजतो. पण ज्याला बिघाडाचं नाव सांगितलं जात नाही त्याला दुरुस्तीची वाटच सापडत नाही, आणि तो रांगेत उभा राहतो. हे मला खटकतं. आणि त्या काळी ज्या बंद फाइलला आम्ही बोल लावायचो, ती आता प्रत्येकाच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोनचा कर्नल लिनक्सचा, खुला. पण नेटवर्कशी बोलणारा त्यातला मोडेम स्वतःच्या बंद फर्मवेअरवर चालतो, आणि तिथं कुणालाही डोकावता येत नाही. तिथलं काही बिघडलं तर फोन बंद करून चालू करणं एवढंच हाती उरतं.

सातारच्या घरचा लँडलाइन फोन आम्ही कधीच परत केला. तिकडं अमेरिकेत एओएल कंपनीनंही फोनच्या तारेवरून नेट देणारी आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ ला बंद केली.

माळ्यावर एका खोक्यात दोन मोडेम होते. एक ते लूसंटचं कार्ड. त्याला बसेल असा स्लॉट आता घरातल्या एकाही मशीनवर नाही, आणि असता तरी त्या कंपाइल केलेल्या फाइलला आजचा कर्नल आत घेणार नाही. तिचा सोर्स कुणाच्या हाती लागला नाही, त्यामुळे ती दुरुस्त करायला कुणी उरलेलं नाही. दुसरा बाहेर ठेवायचा मोडेम, मी २००४ मध्ये जुना म्हणून विकत घेतलेला. त्याला हुकूम द्यायची भाषा हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेली, सगळ्यांना माहीत असलेली. प्रत्येक हुकमाआधी 'एटी', म्हणजे 'लक्ष दे'.

भाच्यानं ऑनलाइन मागवून सिरियलला यूएसबी करणारी तार आणली. मोडेमला वीज दिली, तार लॅपटॉपला लावली. कुठलाही ड्रायव्हर शोधावा लागला नाही, कर्नलमध्ये होता. त्यानं टर्मिनलमध्ये एटी टाइप केलं, एंटर दाबलं.

खालच्या ओळीत उत्तर आलं: ओके.