हरणं चरायची थांबली तेव्हा

जुन्नर,
आषाढ शुद्ध पंचमी

चि. मुक्ता,

परवा फोनवर तू ‘व्हील ऑफ टाइम’ या कादंबरीमालिकेच्या दहाव्या खंडावर चिडली होतीस. चौदापैकी दहा खंड झाले आणि आता कथा जागची हलत नाही म्हणालीस. एलेनचं सिंहासन लोंबकळत पडलंय, फैलला पळवून नेलंय ती सुटत नाही. मग लगेच त्यातल्या शॉनचनांची बाजू घेऊन भांडलीस. त्यांच्या राज्यात रस्ते सुरक्षित, बाजार भरलेले, न्याय झटपट. गळ्यात पट्टा घालून राबवलेल्या त्या मूठभर बायकांसाठी सगळं राज्यच वाईट ठरवायचं का, हा तुझा प्रश्न. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आणि नंतर झोपही लागली नाही.

उत्तर सापडलं ते आपल्या सातवाहन राजाच्या गोष्टीत. लहानपणी सांगितली होती, पण अर्धीच. आज पुरी सांगते.

राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी दमली, म्हणाली, पाणी उडवू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी ‘मोदकैः’. राजाने मोदक मागवले. राणी हसली, राजा खचला. संस्कृत शिकायचं म्हणून हटून बसला. दरबारातला गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत शिकवतो. तिथलाच शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. तसं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा तिन्ही सोडीन, असा पण गुणाढ्याने केला आणि हरला. मुका होऊन विंध्याच्या रानात गेला. तिथे पैशाची भाषा शिकला, आणि शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शिष्यांनी ती राजाकडे नेली. राजा आता विद्वान झाला होता. पिशाचांची भाषा आणि रक्ताची अक्षरं बघून त्याने तोंड फिरवलं.

इथपर्यंत तुला ठाऊक आहे. माझा जीव गुंतलाय तो पुढच्या भागात. गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवलं. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. जनावरं चरायची थांबली, डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी राहिली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, ताटातलं मांस सुकं आहे. आचाऱ्यांना दरडावलं, ते म्हणाले, पारधी आणतात तेच शिजवतो. पारध्यांना विचारलं, ते म्हणाले, डोंगरावर कुणी एक ब्राह्मण वाचतोय, तिथे सगळं रान उपाशी उभं आहे. राजा धावत गेला. सहा लाख श्लोक जळून गेले होते. नरवाहनदत्ताची कथा शिष्यांना आवडायची म्हणून मागे ठेवलेली, तेवढा एक लाख वाचला.

ताटापासून डोंगरापर्यंतची ती वाट बघ. राज्य म्हणजे काय ते मला तिथे कळतं. रानातलं दुःख राजापर्यंत पोचायला दुसरा रस्ताच नव्हता, राजाचं पोट तेवढं होतं. शॉनचनांच्या सम्राज्ञीच्या ताटातलं मांस कधीच सुकणार नाही. पट्टा घातलेली बाई गप्प आहे म्हणून तर रस्ते सुरक्षित आहेत. म्हणून ते राज्य वाईट, मुक्ता. बायका मूठभर आहेत की लाखभर, याने त्यात फरक पडत नाही.

हे लांबचं नाही. मंचरच्या बाजारात उभं राहिलं तर डिंभे धरण म्हणजे सुखच आहे. पण ज्याच्या नावाने आंबेगाव तालुका आहे ते जुनं आंबेगाव त्याच पाण्याखाली आहे, हे बाजारात कुणाला दिसतं?

आणि तुझा दहावा खंड रेंगाळतो त्याचं कारणही मला यातच दिसतं. चौथ्या खंडात नायक रँड टिअरच्या सरदारांना दरडावून उपाशी कैरिएनला धान्य पाठवायला लावतो. एक हुकूम, आणि कुणाच्या तरी चुलीवर काहीतरी शिजणार, हे वाचणाऱ्याला कळतं. दहाव्यात तू सांगतेस त्यावरून माणसं नुसती बसून बोलतात, आणि त्या बोलण्याने कुणाचंच ताट बदलत नाही. राजकारण पातळ झालं की गोष्टही पातळ होते.

नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आपण बघितला होता. यज्ञ किती केले, गाई, घोडे, हत्ती, कार्षापण किती दिले, सगळं मोजून लिहिलंय. तेही प्राकृतात. त्या घराण्याने आपले लेख लोकांच्या बोलीत कोरले, आणि गोष्टीत मात्र त्यांचाच राजा बोलीपासून तोंड फिरवतो, याचं मला अजून वाईट वाटतं. मूळ बृहत्कथा आज कुणाकडेच नाही. आपल्याला मिळते ती अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने सूर्यमती राणीसाठी संस्कृतात सांगितलेली. त्या राणीच्या घरातही नवरा आणि मुलगा राज्यावरून भांडत होते.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. डिंभ्याच्या फुगवट्याच्या कडेला एका वाडीत मी शिकवत होते, तेव्हा वर्गात ही गोष्ट सांगितली. मागच्या ओळीतल्या एका पोराने विचारलं, “राजा गोष्टीसाठी आला का मटणासाठी?” मी म्हटलं, गोष्टीसाठी. खोटं बोलले. वर त्याच्या बोलण्यातले दोन शब्दही सुधारून दिले. तशी मी वर्षानुवर्षं त्या मुलांची बोली पुसत आले. मला ते शिकवणं वाटायचं.

मधल्या सुट्टीत तो शाळेमागे पोरांना तीच गोष्ट त्याच्या बोलीत सांगत होता. मी भिंतीआड उभी राहून ऐकली. त्याने सुरुवातच पारध्यापासून केली. पारध्याला नाव होतं, बायको होती, सुकं हरीण आणलं म्हणून त्याने खाल्लेला मार होता. सगळी पोरं चिडीचूप. मोदक नव्हते, संधी नव्हता. राजा एकदाच आला, अगदी शेवटी, आणि आल्या आल्या त्याने विचारलं, खायला काय आहे.

अकरावा खंड झाला की सांग. सहावा माझ्याकडे अजून आलेला नाही, तो पाठव.

तुझी,
मावशी