वाट पाहीन, पण…

टॅगलाइन लिहून पोट भरतो, म्हणून असेल. पण एसटी स्टँडवर गेलो की अजून एका ओळीचा हेवा वाटतो. 'वाट पाहीन, पण एसटीनेच जाईन.' ही ओळ आज मी एखाद्या गिऱ्हाइकापुढे ठेवली, तर तो आधी 'वाट पाहीन' खोडेल. गाडी उशिरा येते हे आपणच कशाला सांगायचं? पण सगळा जीव त्या कबुलीतच आहे. ताटकळणं आधी मान्य केलं, म्हणून 'नेच' मधला 'च' खरा वाटतो. शिवाय बोलतोय प्रवासी, महामंडळ नव्हे. गाडी चुकल्यावर लोक हीच ओळ चिडून म्हणतात. टिंगलीलाही पुरून उरली, आणखी काय हवं?

'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी त्याच जातीची. उणीवच, पण सांगण्याचा रुबाब बघा! विको टर्मरिकच्या जाहिरातीनंही आपण काय नाही, हे गाऊन सांगितलं. ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे, असं म्हणत कंपनी अबकारी कराच्या वादात कोर्टात भांडली, आणि तीच बाजू घराघरातली पोरं गुणगुणत होती.

मध्यंतरी सांगलीतल्या एका पोळीभाजी केंद्राचं काम आलं. मालकीणबाईंच्या मुलानं आधीच एक ओळ योजून ठेवली होती : 'चव, विश्वास आणि परंपरेचा त्रिवेणी संगम.' असले संगम मीही उमेदवारीत पुष्कळ लिहिलेत. काही न बोलता दोन दुपारी गल्ल्याशेजारी बसून राहिलो. दीडच्या सुमाराला पोळ्या संपायच्या. मग कुणी आलं, की काकू पोळपाटावरून मान वर न करता म्हणायच्या, "संपल्या. शिळ्या नाहीत."

मी तेवढंच कागदावर उतरवलं.

मुलगा बिथरला. "अहो, आम्ही दुकान बंदसुद्धा करत नाही, वाढवतो. आणि पाटीवर 'संपल्या'?" त्याचं चूक नव्हतं. मी 'पोळ्या संपतील, पण शिळ्या मिळणार नाहीत' असं करून पाहिलं. सभ्य झालं आणि मेलं. शेवटी काकूंनीच निकाल दिला, "मी रोज म्हणते तेच आहे की! त्यात अपशकुन कसला?" मी वाक्याचे पैसे मागताना जरा चाचरलो, ते वेगळं.

रंगाऱ्याचा फोन आला. "साहेब, मधला पूर्णविराम काढून स्वल्पविराम टाकू का? बरं दिसेल."

"नको. तिथं काकू पोळी उलटतात."