सही आणि अंगठा

माझ्या आजोबांचे हस्ताक्षर आमच्या घरात कुठेच नाही. आहे तो एका जुन्या कागदाच्या नकलेवर उमटलेला त्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयीचे दुरुस्ती विधेयक मांडले. पुढे तीस वर्षांनी, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली आणि ठरावीक रक्कम भरून वतनाची जमीन आपल्या नावे करून घेण्याची वाट मोकळी झाली. ती रक्कम भरण्यासाठी आजोबांनी गावातल्या एका सधन माणसाकडून पैसे उसने घेतले आणि त्याने पुढे केलेल्या कागदावर अंगठा दिला. कागदात काय लिहिले आहे हे त्यांना कोणी वाचून दाखवले नाही. काही वर्षांनी सातबाऱ्यावर दुसऱ्याचेच नाव दिसू लागले.

रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेल्या माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ही हकीकत आम्हा भावंडांना असंख्य वेळा सांगितली. तिचे तात्पर्य एकच असे : वाचल्याशिवाय सही करायची नाही.

आणि तरीही २०१८ साली इथे, इंग्लंडमध्ये, पहिले घर घ्यायला निघालो तेव्हा मी नेमके तेच केले. एस्टेट एजंटने एका कन्व्हेयन्सिंग कंपनीचे नाव सुचवले, दर स्वस्त होता, मी संगणकावरच संमतीच्या चौकटीत खूण केली आणि मोकळा झालो. अशा शिफारशीबद्दल एजंटला मोबदला मिळू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. दर फोनला नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून कथा. सात आठवड्यांनी कळले की स्थानिक परिषदेकडच्या, पाणी व सांडपाण्याच्या चौकश्या, ज्यांना इथे सर्चेस म्हणतात, त्या मागवल्याच गेल्या नव्हत्या. विक्रेता कंटाळला आणि त्याने दुसरा ग्राहक गाठला. इंग्लंड-वेल्समध्ये करारांची अदलाबदल होईपर्यंत कोणताही पक्ष माघार घेऊ शकतो. तोंडी होकाराला किंमत नसते. सर्वेक्षणाचे पैसे गेले. मुलीने त्या घरातली आपली खोली मनात सजवून ठेवली होती, तीही गेली.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो. संघातल्या एका ताईंनी त्यांच्या सॉलिसिटरबाईंचे नाव दिले. ओळखीचे नाव म्हणून लगेच हो म्हटले नाही. सॉलिसिटरांच्या नियामक संस्थेच्या नोंदवहीत त्यांचे नाव पाहिले, आमच्या कर्ज देणाऱ्या बँकेच्या यादीत त्या आहेत की नाही ते विचारले, आणि मग चार प्रश्न केले : काम स्वतः कोण पाहणार? त्या रजेवर गेल्या तर कोण? फी ठरावीक आहे का, आणि तिच्याबाहेरचे खर्च कोणते? व्यवहार मोडला तर किती द्यावे लागेल? त्यांनी चारही उत्तरे लेखी दिली. दर पहिल्या कंपनीपेक्षा बराच जास्त होता.

तो जास्तीचा पैसा एका पत्रात वसूल झाला. आम्ही पसंत केलेला फ्लॅट लीजहोल्ड होता. एजंटच्या पत्रकात ‘दीर्घ मुदत’ असे शब्द होते; बाईंनी मूळ लीज वाचून कळवले की केवळ ७८ वर्षे उरली आहेत. मुदत ८० वर्षांच्या खाली गेली की ती वाढवून घेणे बरेच महाग पडते, आणि त्या काळी नव्या मालकाला वाढीचा हक्क मागण्यासाठी दोन वर्षे थांबावे लागे. (ही दोन वर्षांची अट जानेवारी २०२५ मध्ये उठली.) त्यांनी मार्ग सुचवला : विक्रेत्यानेच मुदतवाढीची नोटीस बजावावी, तिचा लाभ व्यवहारासोबत आमच्याकडे सोपवावा, आणि खर्चाच्या मानाने किंमत उतरवावी. महिनाभराच्या पत्रव्यवहारानंतर तसे झाले.

खरी कसोटी मात्र पुढे होती. अनामत रकमेचा मोठा भाग अप्पांच्या भविष्यनिर्वाह निधीतून येणार होता. बाईंनी त्यांचे बँकेचे उतारे, निवृत्तीची कागदपत्रे, ओळखपत्र असे सारे मागवले. काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याने त्यांना ते मागावेच लागते. अप्पा दुखावले. “छत्तीस वर्षे इमानाने नोकरी केली. आता माझा पैसा कुठून आला ते परक्या देशाला सिद्ध करून दाखवू?” मी फोनवर गप्प राहिलो.

त्याहून अवघड होते बँकेला हवे असलेले पत्र. ही रक्कम भेट आहे, कर्ज नाही, आणि या घरावर माझा कोणताही हक्क राहणार नाही, असे त्यात अप्पांनी लिहून द्यायचे होते. घरावरचा हक्क सोडणारा कागद! आमच्या घरात असा एक कागद आधीच होता. तो त्यांच्यापुढे ठेवताना माझा हात अडखळला. बाईंना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, “मी तुमची आणि बँकेची वकील आहे, तुमच्या वडिलांची नाही. त्यांनी स्वतंत्र सल्ला घ्यावा, आणि समजल्याखेरीज सही करू नये.”

हे वाक्य मी मराठीत सांगितले तेव्हा अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग ते शहरातल्या एका वकिलाकडे गेले, पत्राचा शब्द न् शब्द समजून घेतला, आठ दिवस ठेवून घेतले आणि सही केली. पाकिटात एक चिठ्ठीही होती : “सून आणि तू, दोघांचीही नावे लाव. पत्र वाचून सही केली आहे.”

एक्स्चेंजच्या दिवशी दहा टक्के रक्कम पाठवण्याआधी मी बाईंच्या कार्यालयात आधीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खाते क्रमांक अंक न् अंक पडताळला. ईमेलमध्ये शिरून खाते बदलणारे चोर याच दिवसाची वाट पाहतात.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांत जमिनीचा पहिला कागद आपल्याच पिढीच्या हाती येतो आहे, म्हणून हे लिहिले. लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांच्या वास्तव्याचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तरी तिथे स्मारक चालवण्याची परवानगी स्थानिक परिषदेने नाकारली आणि अपिलानंतर २०२० मध्ये ती मिळाली. घर घेणे एक, ते हव्या त्या कामासाठी वापरण्याचा हक्क असणे दुसरे. तेव्हा घरात काय करायचे आहे, तेही सॉलिसिटरला आधीच सांगा. समजले नाही तर पुन्हा विचारा; विचारण्यात कमीपणा नाही.

लँड रजिस्ट्रीचा उतारा आला तेव्हा अप्पांना तो व्हिडिओवर दाखवला. त्यांनी आमची दोन्ही नावे मोठ्याने वाचली, मग म्हणाले, “आता खालचेही वाच.” मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

जय भीम.